चाळीस हजार खोटी माणसं

त्या गावात कुणी मरत नसे. कुणाचं नाव दुसऱ्याशी जुळत नसे, कुणाचा फोन नंबर बदलत नसे, आणि पत्ता विचारला तर घर नंबर, गल्ली नंबर सगळं पाठ केल्यासारखं. प्रत्येकाला आपली जन्मतारीख तोंडपाठ, आणि तारखा तरी कशा, वर्षाच्या तीनशे पासष्ट दिवसांवर अगदी समान वाटलेल्या. असं गाव कुणी पाहिलंय? कुणीच नाही. ते एका कॉम्प्युटरमध्ये होतं आणि फटाफटनं ते एका दुपारी, जेवणानंतर, जांभया देत देत वसवलं होतं.

फटाफट म्हणजे कंपनीतला प्रोग्रामर. कुठलंही काम सांगा, 'करतो की फटाफट' म्हणायचा आणि खरोखर करायचा, म्हणून हे नाव. कंपनी एका मोठ्या सरकारी रुग्णालयासाठी नवी माहितीप्रणाली बनवत होती. रुग्णाचं कार्ड, रक्तगट, कुठलं औषध सोसत नाही, मागच्या खेपेला काय झालं होतं, हे सगळं डॉक्टरला एका पडद्यावर दिसणार. प्रणाली उघडण्याआधी तपासायला रुग्ण हवेत, आणि खऱ्या रुग्णांच्या कागदाला हात लावायचा नाही, असं करारात स्वच्छ लिहिलेलं. योग्यच आहे, कुणाचं दुखणं कुणी का वाचावं? तेव्हा खोटे रुग्ण बनवायचे. फटाफटनं एका यादीतून नावं घेतली, दुसरीतून आडनावं, वर तारखा भुरभुरवल्या, आणि चाळीस हजार माणसं तयार झाली.

या गावात प्रणाली अर्थातच झकास चालली. तिच्यातला सगळ्यात कौतुकाचा भाग होता 'जुळणी'. रुग्णालयात लोक कार्ड हरवतात, नवं काढतात, एकाच माणसाची दोन-तीन कार्डं होतात. नाव, बाई-पुरुष आणि जन्मतारीख तिन्ही जुळली की प्रणाली म्हणायची, हा एकच माणूस, आणि दोन्ही कार्डं एक करून टाकायची. फटाफटनं मुद्दाम दोनशे माणसांना दोन-दोन कार्डं दिली होती. जुळणीनं दोनशेच्या दोनशे पकडली आणि फटाफटनं सगळ्या मजल्याला चहा पाजला.

चहा प्यायली नाही ती एकटी चिमी. चिमी हे तिचं घरातलं नाव, वय चौतीस, कंपनीत तिला सगळे ताई म्हणत. तिचं काम चाचणीचं, म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायचं, आणि असं काम करणाऱ्या माणसाला जेवढी माया मिळते तेवढीच तिला मिळायची. तिच्या टेबलावर एक कागद येऊन पडला होता. 'चाचणीसाठी वापरलेली माहिती प्रत्यक्षाशी मिळतीजुळती होती, असे मी प्रमाणित करते.' खाली रेघ, रेघेखाली तिचं नाव. त्या रेघेवर तिची सही झाली की प्रणाली उघडणार, आणि दुसऱ्या दिवसापासून रुग्णालयातला डॉक्टर सुई टोचण्याआधी त्या पडद्यावर विश्वास ठेवणार.

कागद घेऊन ती मोठ्या साहेबांकडे गेली. म्हणाली, हे गाव खोटं आहे. साहेब म्हणाले, खोटंच तर पाहिजे ना. ती म्हणाली, खोटं पाहिजे, पण खऱ्यासारखं खोटं पाहिजे. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. उघडण्याची तारीख जाहीर झालेली, रुग्णालयाच्या अधीक्षकबाईंचे दोन फोन येऊन गेलेले. शेवटी त्यांनी तिला बारा दिवस दिले. बारा दिवसांत आपली माणसं बनव आणि उद्घाटन थांबवण्याजोगी एक चूक दाखव. नाही दाखवता आली तर मुकाट सही कर. आणि तीही करायची नसेल तर सही करणारं दुसरं कुणी आम्ही शोधू. हे शेवटचं वाक्य साहेब फार गोड आवाजात बोलले, त्यामुळे ते जास्त नीट कळलं.

पहिले तीन दिवस चिमीनं आपल्या अकलेनं माणसं बनवली. चुका घातल्या, पत्ते मोडले, नावं अर्धी तोडली. पण बघते तर काय, तिचा गोंधळसुद्धा शिस्तीत होता. दर दहाव्या माणसाचा पत्ता चुकलेला, दर विसाव्याचं वय. खरी माणसं अशी रांगेत उभी राहून चुकतात होय? तिसऱ्या संध्याकाळी ती घरी येऊन डोकं धरून बसली, तेव्हा आईनं तिच्यापुढं चहा ठेवला आणि काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात ते हेच, असं म्हणून आतल्या खोलीकडे बोट दाखवलं.

आत अण्णा शब्दकोडं सोडवत बसले होते. अण्णा म्हणजे तिचे वडील. त्याच रुग्णालयाच्या नोंदणी खिडकीवर एकतीस वर्षं बसलेले, निवृत्त होऊन चार वर्षं झालेली. नव्या प्रणालीची बातमी आल्यापासून ते जरा फुगूनच होते. लेक त्याच कामावर आहे हे ठाऊक असून त्यांनी एका शब्दानं कधी विचारलं नव्हतं, आणि तिनंही सांगितलं नव्हतं. एका घरात राहून माणसं किती लांब राहू शकतात, याला काही माप नाही.

तिनं विषय काढताच अण्णांनी पेन्सिल खाली ठेवली. म्हणाले, रुग्णाचं एक नाव माझ्या तोंडून निघणार नाही, तू माझी मुलगी असलीस तरी.

"नावं नकोतच अण्णा," चिमी म्हणाली. "माणसं सांगू नका. सवयी सांगा."

अण्णांनी शब्दकोडं घडी करून उशीखाली सारलं आणि बोलायला लागले ते आई जेवायला हाक मारून मारून दमली तरी थांबेनात.

खिडकीवर बेचाळीस वर्षांचा माणूस नसतो, म्हणाले. चाळीस असतो, पंचेचाळीस असतो, साठ असतो. अधलीमधली वयं फक्त नोकरदारांना असतात. फोन नंबर? एका गल्लीतली चाळीस माणसं कोपऱ्यावरच्या किराणावाल्याचाच नंबर देतात, कारण निरोप तोच पोचवतो. मेव्हण्याचं कार्ड घेऊन येणारे आठवड्याला दोन तरी असतात, आपलं घरी राहिलं म्हणून. मग मेव्हण्याच्या कागदावर याचा हर्निया चढतो. मुलाला दाखवायला आणलेला बाप रक्तगट विचारला की स्वतःचा सांगतो. नवऱ्याचं नाव घ्यायला बाई नको म्हणते तेव्हा मागचा माणूस सांगतो, आणि तो तिचा कुणीच नसतो. पत्ता म्हणून लोक 'टायरवाल्याच्या मागं' सांगतात. टायरवाला उठून गेला, दोन वर्षांनी तिथं औषधाचं दुकान आलं, तरी पत्ता टायरवाल्याचाच. एकाच नावाच्या सहा बायका एका सकाळी आल्या होत्या. सहाव्या बाईनं विचारलं, माझ्या नावात काय वाईट आहे, तुम्ही हसता का?

दर शंभरात किती, असं चिमी विचारायची. शंभराचा हिशेब अण्णांना जमेना, पण 'एका सकाळी तीन' किंवा 'पंधरवड्यात एखादा' हे ते छातीठोक सांगत. तिनं त्याचेच आकडे केले आणि त्यावरून माणसं पाडणारा प्रोग्राम लिहिला. रोज संध्याकाळी ती शंभरेक माणसं छापून आणायची आणि अण्णा लाल पेनानं तपासायचे. ही बाई खरी वाटते. हा नाही, याला तीन मुलं आणि तिघांचीही कार्डं वेळेवर? उगीच काहीतरी सांगू नकोस. आई आधी दारातून डोकावायची, मग खुर्ची घेऊन बसायला लागली. कागदावरच्या एका विधुर शिंप्याचं दुसरं लग्न लावावं असं तिच्या मनात आलं. अण्णा म्हणाले, सुखानं जगतोय बिचारा, जगू दे त्याला. यावरून दोघांचं जे जुंपलं ते दोन दिवस अबोला. जो माणूस जन्मालाच आला नाही त्याच्यापायी घरात भाजीला मीठ कमी पडू लागलं. शेवटी शिंपी एकटाच राहिला, पण त्याची बहीण त्याच्याकडे राहायला आली, असा तोडगा निघाला.

अशी चाळीस हजार माणसं उभी राहिली. दहाव्या दिवशी, शनिवारी, चिमीनं ती प्रणालीत सोडली आणि प्रणालीनं अकरा ठिकाणी ठेचा खाल्ल्या. किराणावाल्याचा नंबर दुसऱ्या माणसाला घेईना. एकशेचार वर्षांच्या म्हातारीला ती 'वय तपासा' म्हणून परत पाठवू लागली. चिमीला वाटलं, जिंकले. पण फटाफट तो फटाफटच. दुपारपर्यंत त्यानं अकराच्या अकरा दुरुस्त केल्या आणि वर मनापासून म्हणाला, छान माणसं आहेत ताई, मजा आली. जुळणी तर पहिल्या फटक्यात पास झाली होती, एकही माणूस चुकीचा जोडला गेला नाही. साहेबांनी तिचं कौतुक केलं आणि तोच कागद परत पुढं सरकवला. मंगळवारी अधीक्षकबाई येताहेत, त्यांच्यासमोर सही करू, म्हणजे शोभेल.

चिमी घरी आली ती पाय ओढत. तिच्याकडे आता रविवार आणि सोमवार एवढेच उरले होते. तिला आतून खात्री होती की ती जुळणीच चुकीची आहे, पण खात्री म्हणजे पुरावा नव्हे. पुराव्याशिवाय नाही म्हटलं तर नोकरी जाणार, आणि हो म्हटलं तर तिच्या सहीवर विसंबून कुणी कुणाला भलतंच इंजेक्शन देणार. रविवारी सकाळी ती सगळ्या सवयींची वही उघडून बसली. नावं, पंधरा पानं. पत्ते, अकरा. एकट्या फोन नंबरांवर अण्णा तास तास बोलले होते. जन्मतारखेच्या पानावर मात्र एकच ओळ होती. 'तारखा ठीक असतात.'

इथं तिच्यातली खोट काढणारी बाई जागी झाली. हा माणूस, ज्याला टायरवाल्याचं दुकान कधी उठलं तेसुद्धा आठवतं, तो तारखांवर तीन शब्द बोलून गप्प बसतो?

अण्णा मागच्या खोलीत शर्टाला इस्त्री करत होते. ती दारात उभी राहिली.

"अण्णा, ज्याला आपली जन्मतारीख माहीतच नाही, त्याचं तुम्ही काय करायचात?"

अण्णांनी एका बाहीवरून इस्त्री फिरवली, मग परत त्याच बाहीवरून फिरवली. म्हणाले, फॉर्मवर ती चौकट रिकामी ठेवता येत नसे. रिकामी असली की वरून लाल खूण होऊन फॉर्म परत यायचा आणि रुग्णाला बाहेर बसवायचे.

"मग?"

"मग काय. लिहायचो."

"काय लिहायचात?"

"तेवीस ऑगस्ट."

चिमीला आधी कळलंच नाही, कारण तेवीस ऑगस्ट हा तिचा वाढदिवस.

इस्त्री उभी करून अण्णा खाटेवर बसले आणि सगळं सांगून मोकळे झाले. चिमी जन्मली त्या दिवशी त्यांची रजा होती. दुसऱ्या दिवशी खिडकीवर पहिलीच आली ती धाप लागलेली एक म्हातारी, लांबून आलेली, बरोबर कुणी नाही. जन्मतारीख विचारली तर म्हणाली, तेव्हा मी लहान होते बाबा, मला काय माहीत. फॉर्म पुढं जाईना आणि म्हातारीला उभं राहवेना. अण्णांच्या डोक्यात त्या दिवशी जगातली एकच तारीख होती. वर्ष अंदाजानं घातलं, दिवस तो घातला, आणि म्हातारी आत गेली. तेव्हापासून जो कुणी माहीत नाही म्हणेल त्याला तेवीस ऑगस्ट. पुढं शेजारच्या खिडकीनं तेच उचललं, मग मागच्या अभिलेख खोलीनं. सगळ्यांना ठाऊक की ही तारीख दिसली म्हणजे तारीख माहीत नाही. अण्णांनंतर आलेली माणसंही तेच लिहितात, का ते त्यांना माहीत नसेल कदाचित. कुणी एका शब्दानं वर कळवलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

"असे किती असतील?" चिमीनं विचारलं.

मोजले नव्हते. आठवड्याला तीन, कधी चार. गेली चौतीस वर्षं.

चिमी बोटांवर जुळवू लागली. जुळणी नाव बघते, बाई-पुरुष बघते, तारीख बघते. अंदाजाची वयं साठ, पासष्ट, सत्तर अशीच, म्हणजे वर्षंही तीच ती. नावं तर एका सकाळी सहा-सहा सारखी. एवढे दिवस ती शोधत होती ती चूक तिच्याच वाढदिवशी दडून बसली होती. आधी का नाही सांगितलंत, असं ती जरा चढ्या आवाजातच म्हणाली.

अण्णांनी मान वर केली नाही. म्हणाले, खोटी नोंद केली की नोकरी जाते, आणि मी तर ती हजारो वेळा केली. मग म्हणाले, "आणि परवा तू फोनवर म्हणालीस, जुन्या नोंदी म्हणजे नुसता कचरा. मला ऐकू आलं."

ती म्हणाली होती खरं. शब्द फटाफटचा, पण तोंड तिचं. तिला फार लाज वाटली. ती म्हणाली, "अण्णा, मी तसं म्हणायला नको होतं. चुकलं माझं."

"कचरा तर कचरा," अण्णा म्हणाले. "पण त्या तारखेमुळं माणसं आत गेली. बाहेर नाही राहिली."

मग तिनं त्यांना जुळणी म्हणजे काय ते समजावून सांगितलं. ऐकता ऐकता अण्णांचा चेहरा उतरत गेला. माझ्या म्हाताऱ्या एकमेकींत मिसळणार, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. तोवर ते म्हणत होते की माझं नाव कुठं घेऊ नकोस. आता उठून उभे राहिले आणि म्हणाले, गरज पडली तर बेशक घे.

सोमवारी चिमीनं एकच गोष्ट बदलली. अण्णांच्या आकड्यांवरून साडेबाराशे म्हाताऱ्याकोताऱ्यांना तेवीस ऑगस्टला जन्माला घातलं, वर्षं गोल गोल ठेवली, बाकी गावाला हात लावला नाही. मंगळवारी सकाळी बैठकीच्या खोलीत मोठे साहेब, फटाफट आणि अधीक्षकबाई बसल्या होत्या. बाई करड्या केसांच्या, कमी बोलणाऱ्या. कागद टेबलावर होता, पेनाचं टोपण साहेबांनी आधीच काढून ठेवलं होतं. चिमी म्हणाली, सही करण्याआधी एकदाच चालवून दाखवते, सगळ्यांसमोर.

चाळीस हजार कार्डं आत गेली. दोन कार्डंवाली दोनशे माणसं त्यात होतीच, तेव्हा बाहेर एकोणचाळीस हजार आठशे यायला हवी होती. पडद्यावर आकडा आला, एकोणचाळीस हजार तीनशे चौदा. फटाफट पुढं वाकला. त्यानं परत चालवलं, आकडा तोच. चारशे शहाऐंशी माणसं गायब होती, म्हणजे दुसऱ्याच कुणाच्या कागदात जाऊन बसली होती. फटाफटनं त्यातला एक कागद उघडला. एकाच नावाच्या दोन सत्तरीच्या बायकांचा एक कागद झाला होता. एकीला पेनिसिलिननं श्वास अडकतो असं लिहिलेलं होतं, दुसरीला काही त्रास नाही. दुसरीचं कार्ड नवं, म्हणून प्रणालीनं तिचं ऐकलं होतं. जोडलेल्या कागदावर लिहिलं होतं, 'काही त्रास नाही.'

मग साहेबांनी घसा साफ केला आणि म्हणाले, पण हे तुम्ही रचलेलं आहे. एका तारखेला साडेबाराशे माणसं कुठं जन्माला येतात? सोयीची माणसं बनवली की सोयीची चूक सापडते.

"तेवीस ऑगस्टच का?" अधीक्षकबाईंनी विचारलं.

चिमीनं सगळं सांगितलं, म्हातारी, लाल खूण, चौकट. आणि शेवटी सांगितलं की ती खिडकी तिच्या वडिलांची होती.

अधीक्षकबाईंनी फोन उचलला. आपल्या अभिलेख खोलीला सांगितलं, नाव एकही नको, कॉम्प्युटरवर चढवलेल्या जुन्या कार्डांत फक्त मोजून सांगा, तेवीस ऑगस्टचे आपल्याकडं किती आहेत. दहा मिनिटं गेली. साहेब पेनाचं टोपण लावत होते, काढत होते. फटाफट वहीच्या कोपऱ्यात गणित करत होता. रुग्णालयाची दोन लाख कार्डं, वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट, एका तारखेला यायला हवीत साडेपाचशे. फोन वाजला. बाईंनी ऐकलं, ठेवला आणि म्हणाल्या, "सहा हजार तीनशे बारा."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हातानं तो कागद चिमीच्या पुढून उचलला आणि आपल्या फाईलमध्ये ठेवला. त्या वेळी तिला जे वाटलं ते साध्या शब्दांत सांगायचं तर असं, की आपण उगीच जन्माला आलो नाही. फटाफट उठला, आपली खुर्ची तिच्याकडं ढकलली आणि म्हणाला, "ताई, चूक माझी. तुमचे वडील आम्हाला थोडे दिवस मिळतील का?"

उद्घाटन तीन आठवडे पुढं गेलं. दुसऱ्या दिवशी अण्णा कडक इस्त्रीचा शर्ट घालून कंपनीत हजर झाले. सगळ्यांना वाटलं, म्हातारा एखादा दिवस बसेल, चहा पिऊन जाईल. ते अठरा दिवस बसले. त्यांची मागणी एकच, ती चौकट रिकामी ठेवायची सोय करा. माहीत नाही म्हणणाऱ्यासाठी एक बटण ठेवा, आणि अशा माणसाला यंत्रानं आपल्या मनानं कुणाशी जोडू नये, खिडकीवरच्या माणसाला विचारावं. तेवीस ऑगस्टचे जुनेही सगळे त्यातच धरावेत. साहेब म्हणाले, प्रणालीला रिकामी चौकट आवडत नाही. अण्णा म्हणाले, "साहेब, वरच्यांनाही आवडत नव्हती. म्हणून तर हे सगळं झालं."

फटाफटनं पहिल्यांदाच एक काम सावकाश केलं. अठराव्या दिवशी चाळीस हजार कार्डं परत आत सोडली, सगळा मजला मागं उभा होता. बाहेर आली एकोणचाळीस हजार आठशे माणसं, ना एक कमी, ना एक जास्त. आता मात्र टाळ्या झाल्या, आणि त्या कंपनीत चाचणीसाठी टाळ्या पहिल्यांदाच झाल्या होत्या. आईला फोन करून सांगितलं तर तिनं आधी शिंपी सुखरूप आहे ना ते विचारलं. चिमीनं साहेबांकडून तो कागद मागून घेतला आणि सही केली.

उद्घाटनाच्या सकाळी रुग्णालयात नेहमीसारखीच गर्दी होती. चिमी पहिल्या खिडकीच्या मागं उभी होती, काही अडलं तर असावं म्हणून. रांगेत सगळ्यात पुढं अण्णा उभे होते. तिला वाटलं, हौसेनं आले असतील. त्यांना जुनं कार्ड कधी नव्हतंच, एकतीस वर्षं ते खिडकीच्या आतल्या बाजूला होते.

खिडकीवरच्या बाईनं नाव लिहिलं, पत्ता लिहिला आणि विचारलं, "जन्मतारीख?"

"माहीत नाही," अण्णा म्हणाले.

चिमी चमकली. त्यांच्या पेन्शनच्या कागदावर तारीख होती, घरात त्या तारखेला दरवर्षी आई काहीतरी गोड करायची. तिला वाटलं, बटण चालतं की नाही ते बघताहेत. पण अण्णा खिडकीतून थेट तिच्याकडं बघत होते.

"शाळेत घालताना मास्तरांनी एक ठोकून दिली होती," ते म्हणाले. "तीच घेऊन नोकरीला लागलो, तीच घेऊन निवृत्त झालो. खरी कुणालाच माहीत नाही, पोरी. विचारायला कुणी उरलं नव्हतं."

बाईनं बटण दाबलं. यंत्रानं हुज्जत घातली नाही, अंदाजे वय तेवढं विचारलं. अण्णा म्हणाले, पासष्ट धरा, एखादं वर्ष इकडंतिकडं. कार्ड छापून बाहेर आलं. अण्णांनी ते लांब धरून वाचलं आणि त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं. ते त्यांनी पुसलंही नाही.

मागं काठी टेकून उभी असलेली म्हातारी सगळं ऐकत होती. ती पुढं सरकली आणि खिडकीवरच्या बाईला म्हणाली, मलाही तेच लिहा, तेच खरं आहे. तिच्यामागच्या म्हाताऱ्यानंही तेच सांगितलं, जरा मोठ्यानंच. दुपारी खिडकी बंद होईपर्यंत एकशे नऊ माणसांनी ताठ मानेनं माहीत नाही म्हणून सांगितलं, आणि एकशे नऊच्या एकशे नऊ आत गेली, आपापल्या नावानं, आपापल्या कागदावर.